चोरबाजारातलं जुन्या फिल्मी मासिकांचं दुकान: कव्हर बघायला जा, पण घेताना अख्खा अंक घ्या

मटण स्ट्रीटवर जुनी फिल्मी मासिकं विकणारं एक छोटं दुकान आहे, मागच्या महिन्यात दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा दोन-अडीच तास कसे गेले कळलंच नाही. नाव टाकत नाहीये कारण एक तक्रार पण आहे, आणि तसं आजूबाजूच्या दुकानांतही बघितलंय. ग्रँट रोडला उतरून चालत जाता येतं, सँडहर्स्ट रोडवरून पण जमतं. शुक्रवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि सगळा रस्ता जुमा बाजाराने भरलेला असतो.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे अंक लावायची पद्धत. दुकानवाल्या चाचांनी भिंतीला आडव्या दोऱ्या बांधल्यात आणि चिमट्याने अंक लटकवलेत, एकाच्या खाली दुसरा, वरच्याने खालचा अर्धा झाकलेला. माझ्या काकांचा डोंबिवली स्टेशनबाहेर पेपरचा स्टॉल होता, तिथे अगदी असंच असायचं, आणि ते बघून मला इतकी वर्षं प्रेसमध्ये काम करून जे फक्त कानावर होतं ते डोळ्यांनी दिसलं. अंकाचं पूर्ण पान स्टॉलवर कोणाला दिसतच नाही, दिसते फक्त वरची वीतभर पट्टी. म्हणून मासिकाचं नाव एकदम वर, आणि त्याच्या लगेच खाली डोळे. हनुवटी, दागिने, साडी सगळं झाकलं गेलं तरी चालेल पण डोळे त्या पट्टीत आलेच पाहिजेत. आणि ते डोळे कॅमेऱ्यात बघणारे असले की तुम्ही दुकानात डावीकडे उभे राहा नाहीतर उजवीकडे, तो चेहरा तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं. गाडी पकडायला पळणारा माणूस एक सेकंद थांबायचा तो यामुळे.

ते एकदा लक्षात आलं की मग सगळे अंक वेगळेच दिसायला लागतात. फिल्मफेअरचे पन्नास-साठच्या दशकातले अंक घ्या (पहिला अंक ७ मार्च १९५२ चा, कव्हरवर कामिनी कौशल), त्यावर नाव आणि एक चेहरा, बाकी जवळपास काहीच मजकूर नाही. चेहऱ्यावर एवढा भरवसा. त्याच्या आधीचं बाबूराव पटेलांचं फिल्मइंडिया, १९३५ साली मुंबईत सुरू झालेलं, त्याची कितीतरी कव्हरं तर रंगवलेली असायची. गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांनी रंगवलेले चेहरे बघा, गालावरचा उजेड असा काही टाकलाय की फोटोतला माणूस त्याच्यापुढे फिका वाटावा. आपल्याकडे दिवाळी अंकांना चित्रकार दलाल आणि मुळगावकरांनी जे केलं तेच हे, घरातल्या कपाटावर वर्षभर ठेवावंसं वाटेल असं कव्हर. चाचांकडे फिल्मइंडियाचे दोनच अंक होते आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर, पण त्यांनी हातमोजे न घालता का होईना नीट उलगडून दाखवले, घाई केली नाही.

मग १९७१ मध्ये नारी हिरांचं स्टारडस्ट आलं आणि चेहऱ्याच्या बाजूला प्रश्न आले. पहिल्याच अंकावर राजेश खन्ना आणि त्याचं गुपचूप लग्न झालंय का असा प्रश्न. उत्तर पाहिजे तर पैसे टाका आणि आत बघा, इतकं सरळ. तिथल्या ओळी कुठे ठेवल्यात ते बघा, हिरो जिकडे बघतोय किंवा त्याचा खांदा जिकडे वळलाय बऱ्याचदा त्याच बाजूला ओळ असते, म्हणजे आपली नजर आधी चेहऱ्यावर पडते आणि तिथून आपोआप मजकुरावर सरकते. अक्षरं जाड आणि पिवळी नाहीतर पांढरी, याला पण कारण आहे, चार रंगांच्या छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, ती केसभर जरी सरकली तरी बारीक पांढऱ्या अक्षरांच्या कडांना रंग लागतो आणि वाचता येत नाही, जाड अक्षर ते सहन करतं, आणि पिवळा स्वतःच त्या चारांपैकी एक शाई असल्यामुळे तो घट्ट राहतो. मी रोज हेच काम करतो त्यामुळे हे बघताना मला फार आनंद होतो, ज्यांनी कोणी हे रात्री जागून पेस्टिंग (अक्षरं आणि फोटो कापून पानावर चिकटवणं) केलं असेल त्यांची नावं कव्हरवर कधीच नसायची.

माझा सगळ्यात लाडका गठ्ठा मात्र मराठी, चंदेरीचा. गौतम राजाध्यक्ष त्याचे संपादक होते आणि फोटोही काढायचे, लिंटास या जाहिरात कंपनीतून आलेला माणूस, त्यामुळे चेहरा विकायचा कसा हे माहीत आणि तरी चेहऱ्याचा मान ठेवायचा. उजेड मऊ, मागे फारसं काही नाही, बाकी ओरडणाऱ्या अंकांमध्ये हा एकटा हळू बोलतो आणि म्हणून लांबून उठून दिसतो. त्यांच्यासारखा फोटो आज कव्हरवर मला तरी दिसत नाही. रसरंग या मराठी सिनेसाप्ताहिकाचे पण काही अंक होते, कागद साधा, पण घरोघरी जाऊन वाचून वाचून मऊ झालेला, तो हातात घेतल्यावर वेगळंच वाटतं.

आता तक्रार. या दुकानात चांगल्या अंकांची कव्हरं फाडून फ्रेम करून विकतात, आणि उरलेला अंक रद्दीच्या भावात खाली पडलेला. मला खरंच वाईट वाटलं. ते कव्हर आतल्या गोष्टीसाठी केलेलं असतं, प्रश्न फ्रेममध्ये आणि उत्तर रद्दीत, काय उपयोग? त्यात पाठची बाजूही जाते. मागच्या पानावर साबणाची जाहिरात आणि त्यात परत एक नटी, लक्सने आपल्याकडे १९४१ मध्ये लीला चिटणीसांपासून हे सुरू केलं, म्हणजे अंक उलटा लटकवला तरी चेहराच दिसणार. फ्रेममध्ये ते सगळं भिंतीकडे तोंड करून बसतं.

दुसरं म्हणजे काही फ्रेम नवीन प्रिंट आहेत आणि तसं सांगत नाहीत. मी एक घेतली, घरी येऊन उघडली तर मागे कोरा पांढरा कागद. परत घेऊन गेलो तर बदलून दिली, वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच पाहिजे. तर फ्रेम घ्यायचीच असेल तर उघडून दाखवायला सांगा. मागे छापील पान पाहिजे आणि कडेला पिनांची भोकं, बऱ्याचदा भोकाभोवती गंजाचा डाग असतो. भिंग असेल तर न्या, खऱ्या छपाईत रंगांचे ठिपके स्वच्छ वेगळे दिसतात, स्कॅन करून परत छापलेल्यात ठिपक्यावर ठिपका चढून गढूळ होतो.

भाव सुटा अंक घेतला तर जास्त, पाच-सहा एकत्र घेतले की बराच उतरतो, हसून बोला, चाचा ऐकतात. सुट्टे पैसे न्या. आत एकच बल्ब आहे त्यामुळे सकाळी गेलेलं बरं, कागद पिवळा किती झालाय ते उन्हातच कळतं.

मी पाचपैकी साडेतीन देईन, कव्हरं फाडणं थांबवलं तर पूर्ण पाच. चंदेरीचा गठ्ठा खालच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात, सुतळी बांधलेला आहे. मी चार अंक आणले, बाकीचे अजून कव्हरासकट शाबूत आहेत, फ्रेमवाल्याच्या हाती लागायच्या आधी कोणीतरी घेऊन जा.