पहिला सैनिक रंगवताना: ॲक्रिलिक, इनॅमल की तैलरंग?

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवून हात बसलाय, आणि आता १/३५ प्रमाणातला, म्हणजे खऱ्या माणसाच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा प्लॅस्टिकचा सैनिक मागवायचाय, अशा माणसाला पहिला प्रश्न रंगाचा पडतो. परदेशी व्हिडिओ बघून तो सोडवू नका. तिथला माणूस वीस-बावीस अंशांत निवांत बसलेला असतो. इकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, त्यात हवा कोरडी. रंग निवडताना निम्मा निकाल इथेच लागतो.

माझं मत आधीच सांगतो: सुरुवात ॲक्रिलिकनेच करा. पाण्यात पातळ होतो, ब्रश नळाखाली धुतला जातो, आणि थर काही मिनिटांत वाळत असल्याने बिघडलेल्या जागेवर लगेच दुसरा हात मारता येतो. पण लवकर वाळण्याचा हाच गुण आपल्या उन्हाळ्यात अंगलट येतो. पॅलेटवरून ब्रश सैनिकाच्या खांद्यापर्यंत जाईस्तोवर टोकावरचा रंग घट्ट होतो आणि कापडाच्या घड्यांवर खरखरीत बसतो. यावर ओली पॅलेट हाच खरा उपाय. झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर बेकिंग पेपर अंथरा आणि रंग त्या कागदावर घ्या. खालचा ओलावा कागदातून झिरपत राहतो. मेणकट कागद मात्र चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. कूलर सुरू असेल तर त्याच्या झोतापासून बाजूला बसा.

स्टेशनरीच्या दुकानातल्या ट्यूबमधला ॲक्रिलिक चालेल का? पायाखालची जमीन, दगड, भिंत यांना खुशाल वापरा. पाच सेंटीमीटरच्या माणसावर मात्र तो जाड पडतो, बटणं आणि शिवणी बुजतात. त्यासाठी वायेहो (Vallejo) सारख्या कंपनीच्या मॉडेलसाठीच्या बाटल्या ऑनलाइन मागवाव्या लागतात. अख्खा संच घ्यायची गरज नाही. पांढरा, काळा, लाल, निळा, मातकट पिवळा आणि एक त्वचेचा, एवढ्यांत बरंच मिसळता येतं.

इनॅमल सावकाश वाळतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप बसून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. रणगाड्यावर मस्त दिसतो. पण त्याला थिनर लागतो, आणि उन्हाळ्यात दुपारी आपण दारं-खिडक्या लावून बसतो. तशा खोलीत तो वास घेत तासभर काम करणं तब्येतीला बरं नाही. हार्डवेअरच्या दुकानातला दरवाजे-खिडक्यांचा इनॅमल तर विसराच, त्यात सैनिक पेढ्यासारखा तुकतुकीत होतो.

तैलरंगाची गंमत चेहऱ्यात आहे. तो बराच वेळ ओला राहतो, म्हणून गालाच्या उजेडातून जबड्याच्या सावलीत जाताना दोन छटा ब्रशने हलकेच एकमेकींत मिसळता येतात. ॲक्रिलिकमध्ये त्याच कामाला पातळ थरांवर थर द्यावे लागतात. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवला की जादा तेल शोषलं जातं आणि चकाकी कमी होते. अडचण आहे धुळीची. पूर्ण वाळायला काही दिवस लागतात, आणि तोवर वाऱ्याबरोबर आलेली धूळ सैनिकाच्या नाकावर चिकटते. काचेची बरणी उपडी घाला. खाली वाळलेला ॲक्रिलिक आणि वर तैलरंग चालतो. ओल्या तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र धरत नाही. तैलरंग दुसऱ्या-तिसऱ्या सैनिकापासून वापरून बघा.

आकाराचंही बोलायला हवं, कारण स्वस्त म्हणून बरेच जण १/७२चा डबा उचलतात. त्यात डझनावारी सैनिक मिळतात, पण प्रत्येकाची उंची जेमतेम अडीच सेंटीमीटर आणि प्लॅस्टिक बहुधा मऊ. बंदूक वाकली की रंगाचा पापुद्रा निघतो. १/३५मध्ये प्लॅस्टिक कडक असतं, तरी डोळा एक मिलिमीटरही भरत नाही. पहिल्या चेहऱ्यावर बुबुळं काढायच्या भानगडीत पडू नका, गडद तपकिरी रेघ पुरे. आणि त्यासाठी तीन शून्यांचा (000), अगदी बारीक ब्रश नको, त्याच्या टोकावर रंग लगेच सुकतो. चांगल्या टोकाचा १ नंबर घ्या.

रंग कुठलाही ठरो, आधी सैनिक साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कारण साच्यातला तेलकटपणा अंगावर राहिलेला असतो. मग प्रायमर, म्हणजे वरचा रंग नीट धरावा म्हणून द्यायचा पहिला थर. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर भर दुपारी गच्चीवर जाऊ नका. गरम हवेत थेंब वाटेतच सुकून अंगावर रवाळ बसतात. उन्हाळ्यात सकाळी ऊन तापायच्या आत उरका, आणि पावसाळ्यात झडीच्या दिवशी तर नकोच.