स्की लिफ्टचं हँड्स-फ्री कार्ड : दोन हिवाळे वापरल्यानंतर

गेल्या रविवारी सकाळी साडेदहाला, ऐन गर्दीत, नवऱ्याचं स्की लिफ्टचं कार्ड बंद पडलं. हे कार्ड, म्हणजे आपलं तिकीट, खिशातच ठेवायचं आणि लिफ्टच्या गेटाने ते बाहेरूनच वाचून आत सोडायचं. खालच्या गोंडोलाच्या, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेच्या, गेटावर चाललं होतं. वर पोचून चेअरलिफ्टकडे, म्हणजे उघड्या खुर्च्यांच्या लिफ्टकडे, गेलो तर लाल फुली. मागे सरकून पुन्हा पुढे गेला, लालच. मोबाइल काढून माझ्याकडे दिला, हातमोजे काढून खिसा चाचपला, तरी लाल. मागची रांग शेजारच्या गेटाकडे वळायला लागली. लिफ्टवरच्या माणसाने कार्ड हातात घेऊन तपासलं, मान हलवली आणि खाली काउंटरवर जा म्हणाला. गोंडोलाने खाली, तिथे रांग, पुन्हा वर. पावणेदोन तास गेले. स्वित्झर्लंडमध्ये दिवसाचं तिकीट केवढ्याला पडतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

काउंटरवरच्या मुलीने कार्डामागचा लांबलचक नंबर टाइप केला आणि नवऱ्याचं तिकीट लगेच स्क्रीनवर आलं. एका मिनिटात ते नव्या कार्डावर चढवून दिलं. मला फार बरं वाटलं, कारण तिकीट बुडालं अशीच माझी समजूत झाली होती. आणि पुढच्याच वाक्याला ती म्हणाली, जुनं कार्ड खराब झालंय, त्याचं डिपॉझिट परत मिळणार नाही, नव्याचे पाच फ्रँक द्या.

म्हणजे जुन्या कार्डाचे पाच फ्रँक बुडाले आणि नव्याचे पाच पुन्हा अडकले. मी तिथेच विचारलं, कार्ड तुमचं, डिपॉझिट आमचं, दोन हिवाळ्यांत ते मोडलं तर ती आमची चूक कशी? तिने कार्ड दिव्यासमोर धरून दाखवलं. एका कोपऱ्याजवळ केसाएवढी पांढरी रेघ होती. तिचं म्हणणं, हे वाकवल्याने झालंय. माझं म्हणणं, स्की करताना माणूस पडतो, बसतो, वाकतो. खिशातलं कार्ड वाकणारच, आणि त्याच कामासाठी तर ते बनवलंय. तिने वरिष्ठांना फोन लावला, उत्तर तेच. शेवटी पाच फ्रँक भरले आणि घरी येऊन ईमेल लिहिली. उत्तर आलेलं नाही.

हे सगळं खरं असलं तरी हे कार्ड वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर म्हटलं असतं.

आम्ही झुरिकजवळ राहतो. नवरा, मी, नऊ वर्षांची मुलगी, आणि गेल्या हिवाळ्यात सांगलीहून आलेल्या सासूबाई. त्या स्की करत नाहीत, पण पायी फिरणाऱ्यांचं तिकीटही त्याच कार्डावर येतं आणि त्याच गेटातून जावं लागतं. पहिल्या दिवशी चौघांपैकी तिघांना गेटाने अडवलं. उणे बारा तापमानात हातमोजे काढून कार्ड शोधायचं, तर हात मोकळे राहतात ते कुठे?

कारणं एकेक करून कळली. पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे डावा खिसा. इथल्या बहुतेक गेटांचा रीडर डाव्या हाताला असतो. स्की जॅकेटच्या डाव्या बाहीवर मनगटाजवळ जो छोटा चेनचा खिसा असतो, तो ह्या कार्डासाठीच असतो. हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही. दुकानदाराने नाही, तिकीट देणाऱ्याने नाही, कार्डावर छापलेलं नाही. मी त्या खिशात सुटी नाणी ठेवत होते आणि कार्ड उजव्या छातीच्या खिशात. गेटासमोर दर वेळी अंग वळवून उजवा खांदा डाव्या खांबाला लावायचा, पायात स्की, हातात काठ्या. दोनदा पडता पडता वाचले. कार्ड डाव्या बाहीत गेलं त्या दिवसापासून आजतागायत मला एकाही गेटाने अडवलेलं नाही. ह्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा : कार्ड डावीकडे, आणि त्या खिशात दुसरं काही नाही.

दुसरं काही नाही, हे का, ते समजून घेण्यासारखं आहे. कार्डात बॅटरी नसते. गेटाच्या अँटेनातून जे चुंबकीय क्षेत्र निघतं, त्यावरच कार्डातली चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. फास्टॅगलाही बॅटरी नसते, पण त्याची फ्रीक्वेन्सी बरीच वरची, म्हणून टोलनाक्यावर तो काही मीटरवरून वाचला जातो. स्कीचं कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. मेट्रोचं कार्डही ह्याच फ्रीक्वेन्सीवर चालतं, पण त्याची जात वेगळी, ते टेकवावं लागतं. स्कीच्या कार्डाची जात, आयएसओ १५६९३ नावाचं मानक, जास्त अंतरावरून वाचता येईल अशी केलेली आहे. म्हणून जॅकेटच्या आतूनही चालतं. पण मध्ये धातू आला की क्षेत्र अडतं. मोबाइल चिकटून असला तरी तोच प्रकार, दोन कार्डं एकमेकांना चिकटून असली तरी तोच.

सासूबाईंच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं. त्यांनी कार्ड नीट सांभाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, आणि त्याच खिशात अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली दोन थालीपीठं. वर खायला मिळतं ते महाग आणि त्यांच्या उपवासाला चालणारं नाही, म्हणून भाजणी उपवासाचीच. गेट तीनदा लाल झालं. मी म्हटलं, आई, थालीपीठ ह्या खिशात द्या. दिलं, आणि हिरवा बाण आला. त्या दिवसापासून डबा पाठीवरच्या बॅगेत.

नवऱ्याचं कारण वेगळं होतं. त्याच्या पाकिटात स्विसपास होता. २०१५ पासून रेल्वेच्या सवलतीसाठी जे लाल कार्ड मिळतं, तेच. त्यातही स्कीच्या गेटाला कळणारी चिप असते. पाकिटात दोन्ही कार्डं पाठीला पाठ लावून होती आणि गेटाला दोन्हींपैकी एकही धड ऐकू येत नव्हतं.

इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. स्विसपासात चिप आहे, तर बऱ्याच रिसॉर्टांचं तिकीट ऑनलाइन घेऊन थेट स्विसपासवरच चढवता येतं. वेगळं कार्ड नको, डिपॉझिट नको, काउंटरची रांग नको. आदल्या रात्री घरी बसून तिकीट घ्यायचं, सकाळी सरळ गेटातून आत. ज्यांच्याकडे स्विसपास आहे त्यांनी पाच फ्रँकचं प्लॅस्टिक विकत घेऊच नये. आम्हाला हे कळायला पूर्ण एक मोसम लागला, आणि तोवर ड्रॉवरमध्ये सात कार्डं जमली होती. एका डोंगरावरचं कार्ड दुसऱ्या डोंगरावर चालेलच असं नाही. गेट कोणत्या कंपनीचं आहे त्यावर ते अवलंबून असतं. इथे बहुतेक स्किडाटा नाहीतर अ‍ॅक्सेस, दोन्ही ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या परिसरातल्या. सात कार्डं म्हणजे पस्तीस फ्रँक अडकून पडलेले. परत करायची तर मशीन तिकडे डोंगराखाली.

मुलीच्या कार्डाची गोष्टही सांगते. सगळी कार्डं दिसायला सारखीच. एका सकाळी नवऱ्याकडे तिचं कार्ड गेलं आणि तिच्याकडे त्याचं. मुलांच्या तिकिटाला गेटावर वेगळा दिवा लागतो, त्यामुळे कर्मचाऱ्याने लगेच हटकलं. अनेक ठिकाणी गेटाजवळ कॅमेराही असतो. दिवसाच्या पहिल्या प्रवेशाचा फोटो ठेवतात आणि पुढच्या गेटांवर माणूस तोच आहे ना, ते ताडून बघतात. आपला फोटो निघतोय हे सहज लक्षात येत नाही. तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, जरूर वाचा. आमचा खुलासा त्या माणसाला पटला, पण मला त्या प्रसंगाची लाज वाटली. लहान मुलांच्या तिकिटावर मोठ्याला घुसवणारे म्हणून कोणी आपल्याकडे बघावं हे सहन होत नाही. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी त्यांच्या पाकिटातल्या टिकल्या काढल्या आणि प्रत्येकाच्या कार्डावर एकेक लावली. लाल मुलीची, हिरवी नवऱ्याची, काळी माझी, स्वतःची मरून. टिकलीने वाचण्यात काही फरक पडत नाही. माझ्या कार्डावरची अजून तशीच आहे.

आणि एक आनंद, जो मला अपेक्षित नव्हता. कार्डाचा नंबर स्कीलाइनच्या साइटवर टाकला की दिवसभरात कोणत्या लिफ्टने किती वाजता वर गेलात आणि एकूण किती उंची झाली, त्याचा आलेख येतो. जिथे ती सोय आहे तिथे. फेब्रुवारीत मुलीचे एका दिवसात ५,१०० मीटर भरले. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तीन कळसूबाईंपेक्षा जास्त उतरून आली. तिने तो आलेख छापून खोलीत लावलाय. सासूबाईंना तो सांगलीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर त्यांनी मोठा करून दाखव म्हणून परत फोन केला.

आता मोडलेल्या कार्डाकडे परत. कार्डाच्या कडेकडेने आत तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात, तीच त्याची अँटेना. एका ठिकाणी तार तुटली की चिप शाबूत असूनही कार्ड मुकं होतं. म्हणून मागच्या खिशात ठेवून त्यावर बसू नका, आणि दोरी ओवायला भोक तर मुळीच पाडू नका. आमच्या ओळखीतल्या एकांनी मुलाच्या गळ्यात अडकवायला पंचिंग मशीनने भोक पाडलं, कार्ड तिथेच संपलं. आणखी एक, कार्ड घेतल्या घेतल्या मागच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. रविवारी नंबर वाचता आला म्हणून तिकीट वाचलं. कार्ड बर्फात हरवलं असतं तर नंबराशिवाय ते शोधणार कसं?

पण एवढं सगळं आपण सांभाळायचं, आणि तार आतून तुटली तर भुर्दंडही आपणच भरायचा, हे मला मान्य नाही. डिपॉझिट हे कार्ड परत यावं म्हणून असतं. मी कार्ड परत देत होते. पाच फ्रँकसाठी इतकं का, असं नवरा म्हणतो. पाच फ्रँक म्हणजे पाचशेहून जास्त रुपये, आणि ते माझे आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा ईमेल करणार आहे, ह्या वेळी त्या पांढऱ्या रेघेचा फोटो जोडून.

ड्रॉवरमधली बाकीची कार्डं मात्र काल परत करून आले. मशीनने एकेक आत ओढलं आणि दर वेळी पाच फ्रँकचं नाणं खाली टाकलं, काही न विचारता. मरून टिकलीचं तेवढं नव्हतं. ते सासूबाई गेल्या वर्षी जाताना पर्समध्ये घालून घेऊन गेल्या, आठवण म्हणून. त्याचे पाच फ्रँक मी धरलेले नाहीत.