सीटवाली काठी: आईबरोबरच्या हिवाळी कोलकात्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत

आईला चालता येते, पण उभे राहवत नाही. गुडघे झिजलेल्या पुष्कळ ज्येष्ठांची हीच तऱ्हा असते आणि एखादे शहर बघायला निघाल्यावर ती फार जाचक ठरते, कारण अशा सहलीत चालण्यापेक्षा ताटकळणेच जास्त असते. तिकिटासाठी उभे राहा, सामानाच्या तपासणीसाठी उभे राहा, टॅक्सीसाठी उभे राहा आणि संग्रहालयात शिरल्यावर प्रत्येक काचेसमोर पुन्हा उभे राहा. डिसेंबरअखेरीस तिला कोलकात्याला न्यायचे ठरले तेव्हा घरात व्हीलचेअरचा विषय निघाला होता, परंतु "मी काय पेशंट आहे का?" एवढे म्हणून तिने तो तिथेच संपवला. मग मागवली ती तीन पायांची, उघडल्यावर बसता येणारी ॲल्युमिनियमची काठी. किंमत दीड हजारांच्या आत, वजन जेमतेम किलोभर आणि बसायला जेवणाच्या ताटापेक्षा लहान, गोल प्लास्टिकची सीट. ती आता उन्हाळा आणि पावसाळा बघून झाली असल्याने तिच्याविषयी सविस्तर लिहिण्यास हरकत नाही.

सर्वप्रथम साडीचा प्रश्न सांगतो, कारण विक्रेत्याच्या छायाचित्रांतली सगळी माणसे पँट घातलेली असतात. या काठीची मूठ बसणाऱ्याच्या समोर येते, म्हणजे दोन्ही पाय काठीच्या दोन बाजूंना टाकून, मूठ हातात धरून बसणे अपेक्षित असते. नऊवारीत ते जमेल. पाचवारीत निऱ्या आडव्या येतात. आईने साहजिकच एका बाजूला वळून बसण्याचा प्रयत्न केला आणि तिसरा पाय जमिनीवरून उचलला गेला. मी शेजारीच होतो म्हणून निभावले. त्यानंतर प्रवासापुरते पंजाबी ड्रेस घालायचे असे तिने स्वतःच ठरवले. ज्यांच्या आईला साडीशिवाय चालणार नाही, त्यांनी मूठ पाठीमागे येणारा प्रकार आधी दुकानात जाऊन पाहावा.

आम्ही नागपूरचे असल्यामुळे गीतांजली एक्स्प्रेस सोयीची पडते. रात्री नागपुरात बसले की दुसऱ्या दिवशी हावडा. पंचेचाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी असलेल्या कोट्यातून आईला खालचा बर्थ मिळाला आणि काठी बर्थखाली आडवी मावली. ही गाडी १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आणण्याचे श्रेयही त्यांचेच, तेव्हा बसण्याच्या सोयीविषयी लिहिताना त्यांची आठवण काढणे योग्यच होय. डब्यात चढता-उतरताना मात्र या काठीचा आधार घेऊ नये. फलाटावर उतरताना आईने ती पायरीखाली टेकवली, तेव्हा काठीचे पाय थोडे उघडले. मिटलेल्या स्थितीत ते पकडून ठेवणारी खाच पुरेशी घट्ट नाही. त्या ठिकाणी मी नंतर कापडी वेल्क्रोची पट्टी बांधली आणि ती आजही तशीच आहे.

हावड्याला प्रीपेड टॅक्सीच्या रांगेत काठीने पहिल्यांदा आपली किंमत वसूल केली. रांगेत मी उभा राहिलो आणि आई बाजूला खांबाजवळ बसली. टॅक्सी पिवळी ॲम्बेसेडर मिळाली, हेही भाग्यच म्हणायचे. या गाड्या आता झपाट्याने कमी होत चालल्या आहेत, परंतु त्यांची उंच, सपाट सीट दुखऱ्या गुडघ्यांना जेवढी मानवते तेवढी आजच्या कुठल्याही बुटक्या मोटारीची मानवत नाही.

व्हिक्टोरिया मेमोरियलला काठीची खरी परीक्षा झाली. नाताळच्या सुटीत तिथे तिकिटासाठी आणि आत शिरण्यासाठी मोठी गर्दी असते, आणि सोमवारी दालने बंद असल्यामुळे मंगळवारी ती अधिकच वाढते. बागेतल्या वाटांवर बारीक खडी आहे. खडीवर तीन पाय एका पातळीत टेकत नाहीत, सीट डुलते, आणि डुलणाऱ्या सीटवर बसलेले माणूस विश्रांती घेत नसते, तोल सांभाळत असते. आत गेल्यावर उलट अडचण: १९२१ साली खुल्या झालेल्या या वास्तूचा मकराण्याचा संगमरवर पावलांनी इतका गुळगुळीत झालेला आहे की काठीचे कोरे, कडक रबर त्यावरून सरकू लागले. सीट उघडून आधी मी माझे पाऊल एका पायाला टेकवायचे आणि मग आईने बसायचे, ही पद्धत आम्ही तिथे शोधली. तशी बसून तिने चित्रे मात्र अगदी निवांत पाहिली. एरवी संग्रहालयात तिची नजर चित्रापेक्षा कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकाकडे जास्त असते. या वेळी ती एकेका चित्रासमोर बसून, त्यातल्या घाटावरच्या बायकांनी डोक्यावरून पदर कसा घेतला आहे, इथपर्यंत बोलत होती. इंडियन म्युझियममध्ये तर भारहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या दगडी कठड्यांपुढून उठायलाच ती तयार नव्हती. तिथली फरशी कमी निसरडी आहे आणि काठी छान स्थिर राहते.

सरकत्या रांगेत मात्र ही वस्तू कुचकामाची आहे, किंबहुना अपायकारक आहे. दक्षिणेश्वरला मेट्रो थेट जाते आणि स्थानकाकडून मंदिराकडे नेणाऱ्या स्कायवॉकला सरकते जिने आहेत, त्यामुळे तिथवर काही त्रास झाला नाही. दर्शनाची रांग मात्र दर मिनिटाला चार पावले पुढे जात होती. झिजलेल्या गुडघ्यांना बसून राहणे सोपे असते आणि उठणे कठीण. प्रत्येक चार पावलांसाठी उठबस करण्यापेक्षा उभे राहिलेले परवडते. म्हणून रांगेत माझ्यामागे असलेल्या बंगाली कुटुंबाला सांगून आईला कडेला बसवले आणि गाभारा जवळ आल्यावर बोलावले. "माशिमा, आशुन" (मावशी, या) म्हणत त्यांनीच तिला आत घेतले. बेलूर मठाला जाणाऱ्या होडीच्या धक्क्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: हुगळीला भरती-ओहोटी असल्याने धक्क्यावर उतरणारा पूल कधी सपाट असतो, तर कधी चांगलाच उतरता. उतारावर ही काठी उघडण्याचा विचारही मनात आणू नये.

पार्क स्ट्रीटची नाताळची रोषणाई बघायची तिला हौस होती. त्या संध्याकाळी रस्ता वाहनांना बंद असतो आणि माणसांचा लोंढाच वाहत असतो. अशा गर्दीत तीन पाय पसरून बसणे म्हणजे दुसऱ्याला अडखळवून पाडण्याची सोय. आम्ही लवकर जाऊन, कडेच्या एका इमारतीच्या पायऱ्यांवर टेकून, अंधार पडल्यावर थोड्या वेळातच परतलो. थंडीचा त्रास अजिबात झाला नाही. कोलकात्याची थंडी नागपूरकरांना विशेष जाणवण्यासारखी नसते. आजूबाजूचे लोक माकडटोपीत आणि आई एका शालीत, असा प्रकार होता. नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश याच दिवसांत मिळतात आणि मधुमेह असूनही त्याबाबत तिने माझे काही ऐकले नाही.

बागबाजार भागात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने १७४२ साली कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याचे हे उरलेसुरले नाव. त्याच नागपूरहून आलेली आई त्या गल्लीच्या तोंडाशी काठीवर बसून टॅक्सीची वाट पाहत होती, हे मला गंमतीचे वाटले, तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यांच्याजवळ घोडे होते."

परतल्यावर काठी माळ्यावर जाईल असा माझा अंदाज होता, पण तिचा खरा वापर नंतरच वाढला. बँकेत, दवाखान्याच्या ओपीडीत, बुधवार बाजारात भाजी निवडून होईपर्यंत, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये स्टेजपुढच्या रांगेत आई ती बिनदिक्कत उघडते. दोन-तीन ओळखीच्या बायकांनी तिच्याकडे पाहून तशीच मागवली आहे. मे महिन्यात गॅलरीत राहिलेली सीट तव्यासारखी तापली होती, तेवढे सांभाळावे लागते. सीटच्या बिजागरीतून आता कुरकुर ऐकू येते. रिव्हेट मात्र पक्के आहेत. पावसाळ्यात ओल्या फरशीवर ती घसरते, म्हणून त्या काळात आई घरातली जुनी चार पायांची काठीच नेते.

विक्रेत्याने १०० किलो वजन पेलण्याची ग्वाही दिली आहे. आई त्याहून कितीतरी हलकी असल्याने ती पडताळण्याचा प्रसंग आला नाही, पण धिप्पाड माणसाने एवढ्याशा सीटवर भरवसा ठेवू नये. ज्यांचा तोल जातो, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांना चालतानाच भक्कम आधार लागतो, त्यांच्यासाठीही ही नव्हे. काठी म्हणून ती साधारण आहे, आणि मुख्य म्हणजे बसल्यावर तीच काठी आधाराला उरत नाही. घेतलीच तर पहिल्याच दिवशी तिची रबरे बदलावीत. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मऊ, रुंद तळाची रबरे मिळतात. मापासाठी जुने रबर काढून सोबत न्यावे, कारण तिन्ही पायांची जाडी नेहमीच्या काठीपेक्षा कमी असते आणि अंदाजाने आणलेले रबर चालता चालता गळून पडते.