पुण्यातील एका परदेशी शिक्षण सल्लागार संस्थेचा अनुभव: अडीच वर्षांनंतरचा दुसरा अभिप्राय

परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांबद्दलचे अभिप्राय चाळले, तर त्यांतले बहुतेक व्हिसा हाती पडल्याच्या आठवड्यात लिहिलेले दिसतात. माझाही तसाच होता. सप्टेंबर २०२३ मध्ये पासपोर्ट परत आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संस्थेत पेढे नेऊन दिले, तिथल्या निळ्या भिंतीपुढे पासपोर्ट हातात धरून फोटो काढून घेतला आणि समुपदेशक मॅडमनी पुढे केलेल्या फोनवर पाच तारे देऊन ‘उत्तम सेवा’ असे दोन शब्द लिहिले. आता जर्मनीतील एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झाले आहे, प्रबंध सादर झाला आहे, आणि ज्या सेवेसाठी पैसे मोजले तिचा उपयोग कुठे झाला व कुठे झाला नाही, हे आता कुठे नीट सांगता येते. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. माझ्यासोबत आलेल्या मुलामुलींशी बोलल्यावर लक्षात आले की संस्था वेगवेगळ्या असल्या तरी हकीगत फारशी वेगळी नाही.

मी कराडची. पदवी शिवाजी विद्यापीठाची, सीजीपीए दहापैकी ८.०. पुण्यात आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली. पहिली संस्था एक रुपयाही शुल्क घेत नव्हती आणि बाबांना ती पसंत पडली होती; परंतु त्यांनी काढून दिलेल्या यादीत पाचही विद्यापीठे खासगी होती आणि त्यांचे शुल्क वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे जात होते. जर्मनीत सरकारी विद्यापीठे बहुतांश राज्यांत शिकवणी शुल्क घेत नाहीत. दर सहामाहीला काही शे युरोंचे योगदान भरावे लागते, इतकेच. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेतले जातात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अलीकडे अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे, पण हे अपवाद झाले. मग फुकट सल्ला देणाऱ्याने खासगी विद्यापीठेच का सुचवावीत? कारण प्रवेशामागे दलाली खासगी विद्यापीठ देते, सरकारी देत नाही. हे गणित आम्हाला कोणी सांगितले नव्हते. बाबांनी आयुष्यभर बाजार समितीत अडत पाहिलेली असल्यामुळे त्यांनी ते घरी येताना गाडीतच ओळखले. “आपल्याकडून पैसे घेत नाही, म्हणजे दुसऱ्याकडून घेत असणार,” एवढेच ते म्हणाले आणि आम्ही दुसऱ्या संस्थेत गेलो. तिचे शुल्क ८५,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखाच्या थोडे वर.

या रकमेत मिळालेल्या ज्या कामाला मी आजही पूर्ण गुण देईन, ते कागदपत्रांच्या तपासणीचे. त्या विभागात एकच बाई होत्या, बोलायला तुटक आणि नजरेने अत्यंत बारीक. माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम आहे. पासपोर्टमध्ये मधले नाव गाळलेले आहे. आणि पदवीच्या एका सत्राच्या गुणपत्रिकेत बाबांच्या नावातले एक इंग्रजी अक्षर चुकलेले होते, जे आमच्या घरात चार वर्षांत कोणाच्याही लक्षात आले नव्हते. बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलीने त्या अक्षराभोवती गोल केला आणि सांगितले, “हे आधी विद्यापीठातून दुरुस्त करून आणा, मग बाकीचे बोलू.” कोल्हापूरला तीन फेऱ्या झाल्या, नावांच्या फरकाबद्दल मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र झाले आणि पुढे कुठेही माझा अर्ज नावामुळे अडला नाही. माझ्यासोबतच्या एका मुलाचे एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा जर्मनीसाठी लागणारा दाखला) अशाच कारणाने रखडून त्याची एक सहामाही वाया गेली. महाराष्ट्रातल्या नावांची ही भानगड ज्यांच्या कागदांत आहे, त्यांनी अशा नजरेचे मोल कमी लेखू नये.

हेतुनिवेदनाचा, म्हणजे हा अभ्यासक्रम का हवा हे सांगणाऱ्या निबंधाचा (एसओपी), अनुभव मात्र याच्या उलट आहे. मला लिहून मिळालेल्या मसुद्याची सुरुवात लहानपणी मी वडिलांचे घड्याळ उघडून पाहिल्याच्या आठवणीने होत होती. बाबा घड्याळ वापरत नाहीत. त्याच महिन्यात तिथेच नाव घातलेल्या माझ्या मैत्रिणीच्या मसुद्यातही घड्याळच होते, फक्त ते आजोबांचे होते. मी तो मसुदा बाजूला ठेवून अंतिम वर्षाच्या प्रकल्पाबद्दल, उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरमधल्या उष्णतेच्या अपव्ययाबद्दल, स्वतः दीड पान लिहिले आणि प्रवेश मिळाला तो त्यावरच.

गुणांच्या रूपांतरातही त्यांची चूक झाली, आणि ती महाग पडली. भारतीय गुण जर्मन श्रेणीत नेण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. तिथे १.० सर्वांत चांगली श्रेणी, ४.० म्हणजे काठावर पास. संस्थेने किमान उत्तीर्ण गुण ४ धरले, त्यामुळे माझी श्रेणी बरोबर २.० आली, विद्यापीठांनी ५ धरले आणि ती २.२ झाली. ज्या दोन ठिकाणी २.० ची अट होती, तिथले अर्ज उघडूनही कोणी पाहिले नसतील. उनी-असिस्ट या अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र स्वीकारणाऱ्या संस्थेमार्फत जाणाऱ्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात, हे लक्षात घेतले तर एका आकड्यापायी गेलेले पैसे वाचकांनीच मोजावेत.

एपीएसचा अर्ज, उनी-असिस्टचे खाते, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याचा खर्च आगाऊ ठेवायचे, दरमहा ठरावीक रक्कमच सोडणारे खाते), विमा आणि व्हिसाच्या भेटीची वेळ ही कामे संस्थेने वेळेवर केली, परंतु ती पाहिल्यावर माझे प्रामाणिक मत असे झाले की अकरावी प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरलेली कोणतीही मुलगी ती स्वतः करू शकते. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची शोधसूची डाड या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांना मोफत पाहता येते. आमच्यासमोर ‘आमचा स्वतःचा डेटाबेस’ म्हणून जे दाखवले गेले, ते हेच असल्याचे मला इकडे आल्यावर कळले.

आता ज्या कलमावर माझा खरा राग आहे, त्याकडे येते. करारात ‘निवास सहाय्य’ असे स्वतंत्र कलम होते. प्रत्यक्षात मिळाली चार पानांची पीडीएफ, ज्यात खोल्या शोधण्याच्या संकेतस्थळांची नावे होती. जर्मनीत विद्यापीठ वसतिगृह चालवत नाही. ते काम श्टुडिरेंडनवेर्क ही विद्यार्थी-कल्याण संस्था करते, तीच उपाहारगृहेही चालवते, आणि तिच्याकडे अर्ज वेगळा करावा लागतो, प्रवेशपत्राबरोबर खोली आपोआप येत नाही. प्रवेश मला जूनमध्ये मिळाला आणि वसतिगृहाचा अर्ज मी सप्टेंबरमध्ये केला, कारण समुपदेशक मॅडमचे म्हणणे होते, “व्हिसा येऊ दे, मग खोलीचे बघू.” प्रतीक्षायादी तोपर्यंत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेली होती.

मी ३० सप्टेंबर २०२३ रोजी, शनिवारी रात्री, एका विद्यार्थ्याने पोटभाड्याने दिलेल्या खोलीत उतरले. रविवारी जर्मनीत किराण्याची दुकाने बंद असतात आणि त्या आठवड्यात मंगळवारी, ३ ऑक्टोबरला, एकीकरण दिनाची सुट्टी होती. रविवार मी आईने बांधून दिलेल्या दशम्यांवर आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. उपाशी राहण्याची वेळ आली नाही, त्यामुळे ती तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचा लेखी दाखला लागतो, ज्याचे जर्मन नाव मला आजही एका दमात म्हणता येत नाही. माझ्या मूळ भाडेकरूने मालकाला न विचारताच खोली दिली होती, म्हणून तो दाखला देईना. दाखला नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून मी गेले त्या बँकेत चालू खाते नाही, आणि चालू खाते नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा सुटणारे पैसे येणार कुठे? त्या वर्षी या खात्यात ११,२०८ युरो ठेवावे लागत, महिन्याला ९३४ प्रमाणे. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ झाली, म्हणजे महिन्याला ९९२. सुमारे दहा लाख रुपये माझ्या नावावर पडलेले होते आणि मी वर्गातल्या एका तमिळ मुलीकडून भाड्यासाठी तीनशे युरो उसने घेत होते. घरी सांगितल्यावर आईला काही केल्या हे समजेना की पैसे आपलेच आहेत तर ते काढता का येत नाहीत. संस्थेला फोन केला तेव्हा ‘प्रस्थानानंतरची सेवा’ वेगळ्या पॅकेजमध्ये असल्याचे उत्तर मिळाले. सहाव्या आठवड्यात दुसरी खोली मिळाली, दाखला मिळाला आणि सगळे दहा दिवसांत सुरळीत झाले.

निघण्यापूर्वी संस्थेने तीन तासांचे मार्गदर्शन सत्र घेतले होते. त्यात कुकर कोणत्या बॅगेत ठेवायचा यावर अर्धा तास गेला आणि प्रत्यक्ष अभ्यासावर दहा मिनिटे. कुकरचा सल्ला योग्य होता. पण परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयाची नोंदणी ठरावीक मुदतीत आपणच पोर्टलवर करायची असते, हे त्या दहा मिनिटांत आले नाही. कॉलेजात परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आली की सूचना फलकावर लागायची, वर्गप्रतिनिधी ओरडून सांगायचा आणि तरीही कोणी राहिलेच तर कार्यालयातले काका विलंब शुल्क घेऊन फॉर्म घ्यायचे. इथे मुदत रात्री बारा वाजता संपली आणि सकाळी माझे नाव यादीत नव्हते. मी कार्यालयात जाऊन रीतसर विनंती केली. समोरच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने ऐकून घेतले आणि पुढच्या सहामाहीची तारीख कागदावर लिहून दिली. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीन संधी असतात आणि तिसऱ्यांदा नापास झाल्यास तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, हे कळल्यावर मला त्या गृहस्थांपेक्षा पुण्यातल्या सत्राचा जास्त राग आला.

तोंडी परीक्षेचीही कल्पना कोणी दिली नव्हती. मर्यादित घटक पद्धतीच्या (वस्तूचे लहान तुकड्यांच्या जाळ्यात विभाजन करून गणित करण्याच्या) परीक्षेत मी व्याख्या म्हणायला सुरुवात केली तेव्हा प्राध्यापकांनी हाताने थांबवले, कोरा कागद आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि एका वाकवलेल्या पट्टीचे जाळे कुठे दाट करशील आणि का, ते काढून दाखव, असे सांगितले. दहा मिनिटे ते माझ्या पेन्सिलीकडे पाहत गप्प बसले होते. श्रेणी मिळाली ३.३.

भाषेच्या बाबतीत ‘कोर्स इंग्रजीत आहे, जर्मनची गरज नाही’ हे वाक्य संस्थेत तीन वेगवेगळ्या माणसांनी मला ऐकवले. अभ्यासक्रमापुरते ते खरे आहे. नोकरीचे तसे नाही. विद्यार्थ्यांना वर्षाला १२० पूर्ण दिवस काम करता येई, मार्च २०२४ पासून ते १४० झाले. पण कंपन्यांच्या जाहिराती जर्मनची बी-१, बी-२ ही मधली पातळी मागतात आणि माझ्याकडे संस्थेच्याच आठ आठवड्यांच्या वर्गातले ए-१, म्हणजे सर्वांत प्राथमिक, होते, त्या वर्गातही शिक्षिका दोनदा बदलल्या. मला पहिले काम मिळाले ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हिवी, म्हणजे विद्यार्थी-सहायक, म्हणून, तिथे इंग्रजीवर भागते आणि ते तास त्या १४० दिवसांत मोजलेही जात नाहीत, ही बातमी मला एका इराणी सहकाऱ्याने दिली. पुण्यात माक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट हाताशी असताना मी सल्लागार संस्थेच्या पॅकेजमधून जर्मन शिकले, याची हळहळ आजही वाटते.

पहिल्या अभिप्रायातले पाच तारे मी तीनवर आणले आहेत आणि ते तिन्ही कागदपत्रे तपासणाऱ्या बाईंच्या खात्यावर जमा धरावेत. तारे कमी केल्यावर संस्थेचा फोन आला. त्यांनी वाद घातला नाही, फक्त ‘निवास सहाय्य’ हा शब्द आता माहितीपत्रकातून काढल्याचे सांगितले. माझा मामेभाऊ येत्या हिवाळी सत्रासाठी अर्ज करतो आहे. त्याने याच संस्थेत केवळ कागदपत्रांची तपासणी करून देण्याविषयी विचारले. असे वेगळे पॅकेज नाही म्हणून आधी नकार मिळाला, मग बाईंनीच आतून बाहेर येऊन होकार दिला आणि १२,००० रुपयांत काम झाले. त्याच्या बारावीच्या गुणपत्रिकेत आईच्या नावात चूक निघाली आहे, ती दुरुस्त करायला तो या आठवड्यात बोर्डात गेला आहे, आणि वसतिगृहाचा अर्ज त्याने प्रवेशपत्र यायच्या आधीच भरून ठेवला आहे.