रेडिएटरचे सव्वादोनशे रुपयांचे झाकण: अठरा वर्षांच्या गाडीत आठ महिने वापरल्यानंतर

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला घरी येताना खंबाटकी घाटात माझ्या 2007 सालच्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. तासभर थांबून, इंजिन गार झाल्यावर पाणी भरून गाडी कशीबशी साताऱ्यात आणली. तिथल्या सर्व्हिस सेंटरने ती जेमतेम दहा मिनिटे पाहून हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील) गेल्याचे जाहीर केले आणि हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट, करण्याचा सोळा हजारांचा अंदाज हातात ठेवला. त्याचा राग मला अजून आहे, कारण गॅस्केट गेल्याच्या नेहमीच्या खुणाच नव्हत्या: ऑइल दुधाळ झालेले नव्हते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडेही येत नव्हते. एवढे पाहायलासुद्धा कोणाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडले, तेव्हा रेडिएटरचा वरचा होज पाइप चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला. रिझर्व्ह टाकी मात्र काठोकाठ भरली होती. रेडिएटरचे झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज झाला आणि पाइप पुन्हा गोल झाला. झाकण उलटे करून पाहिले, तर स्प्रिंग अंगठ्याने सहज दबत होती आणि मधली छोटी चकती क्षाराने घट्ट चिकटली होती. वर्षानुवर्षे मी बोअरचे पाणी ओतत आलो, त्याचा हा परिणाम.

या झाकणावर 0.9 हा आकडा असतो. तेवढा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ दशांश, जादा दाब टिकला, तर साधे पाणीही सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि टाकीत जाते. इंजिन गार होताना तेच पाणी मधल्या चकतीतून परत यायला हवे, पण चकती चिकटल्यामुळे ते टाकीतच अडकून राहत होते. नवे झाकण 225 रुपयांना मिळाले. शेजारच्या गॅरेजमध्ये रेडिएटर फ्लश करून कूलंट भरले आणि त्या दिवसापासून काटा मध्याच्या वर गेलेला नाही.

एका बाबतीत मात्र मत बदलावे लागले. त्याच वेळी त्या गॅरेजच्या मिस्त्रींनी ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ असे सांगून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता, आणि पावसाळाभर मी तोच सल्ला इतरांनाही देत होतो. डिसेंबरच्या पहाटे गाडी वीस मिनिटे चालली तरी काटा जागचा हलेना, आणि लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी साडेबारावर आली. इंजिन थंड राहिले की त्याला पेट्रोल जास्त दिले जाते, हे मला आधीच सुचायला हवे होते. डिकीत पडलेला जुना थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या गरम पाण्यात सोडला. पाणी उकळण्याच्या आधीच तो डोळ्यांदेखत उघडला. म्हणजे चांगला भाग उगाच काढला गेला होता. चाळीस रुपयांचे नवे पॅकिंग घालून तो परत बसवला आणि तीन आठवड्यांत मायलेज पूर्ववत झाले.

झाकणाला मी पाचपैकी चार गुण देतो. एसी लावून, चार माणसांसह, मे महिन्याच्या दुपारी तोच घाट चढायचा अजून बाकी आहे; पाचवा गुण त्यासाठी राखून ठेवला आहे.