शाळेतला निवारा की पाहुण्यांचं घर?

वाशिष्ठी नदी चढली किंवा दरडीची नोटीस आली की वाडीत पहिला प्रश्न असतो, बायकापोरींना हलवायचं कुठे? २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हापासून हे कुणी हसण्यावारी नेत नाही.

पाहुण्यांकडे दाराला कडी असते, ओळखीची माणसं असतात, गरम पेज मिळते. पण तिथे गेलेल्या बाईचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. गरोदर असली तरी गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला पत्ता नसतो. घरातल्याच कुणी हात लावला तर मुलगी बोलणार कुणाकडे? आधी अब्रू आडवी येते.

शाळेत नोंद होते, आरोग्य पथक येतं. पण साडीचा आडोसा धरून कपडे बदलायचे आणि संडास मैदानापलीकडे, अंधारात. मुली तिन्हीसांजेपासून पाणीच पीत नाहीत. मदतकार्याची ‘स्फिअर’ मानकं २० माणसांमागे एक संडास सांगतात, तेही बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. आपल्याकडे आतली कडी धड असली तरी मिळवलं! पाळीची घडी धुतली तर आषाढात वाळत नाही, म्हणून पॅड हवेत आणि ते टाकायला झाकणाची बादलीही.

माझं मत विचाराल तर दिवस भरत आलेल्या बाईला शाळेतच न्या, तेही दवाखान्याचा रस्ता तुटणार नाही अशा बाजूच्या शाळेत. एकदोन रात्रींपुरतं पाहुण्यांकडे चालेल, पण निघताना आशाताईला फोन करा. मुलींना मुलांच्या मदतीचा १०९८ आणि बायकांच्या मदतीचा १८१ हे फोन नंबर पाठ हवेत.