दुकानासाठी मेल होस्टिंग: पाचपैकी दोन तारे

नंदुरबारला आमचा मिरचीचा धंदा. दुकानाच्या नावाचा मेल हवा म्हणून एका होस्टिंगवाल्याकडून वर्षाचं पॅकेज घेतलं. मेल झटपट उघडतो, मोबाईलवर नीट चालतो, जीएसटीचं बिल न मागता येतं. इथवर तक्रार नाही.

गोची स्पॅम फिल्टरमध्ये आहे. 'तुमची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणतो' छापाच्या मेलांनी जीव नकोसा केला होता, आणि ते बहुतेक जीमेलवरूनच यायचे. होस्टिंगवाल्यांनी काय करावं? जीमेल, याहू, आउटलुक सरसकट काळ्या यादीत. आम्हाला न कळवता. ऐन हंगाम, पथाऱ्यांवर लालभडक मिरची पसरलेली, आणि इनबॉक्समध्ये चिटपाखरू नाही. शेवटी सुरतहून आमच्याच खान्देशी व्यापाऱ्याचा फोन: "भाऊ, मना मेल परत येस, दुकान बंद करी टाकं का?" त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. नकाराची ओळ ५५० ने सुरू होत होती, म्हणजे कायमचा नकार. चारने सुरू होणारा कोड असता तर त्याच्या सर्व्हरने थोड्या वेळाने पुन्हा पाठवून पाहिलं असतं. त्यातल्या त्यात बरं एवढंच की नकार कळवला तरी. मेल गुपचूप कचऱ्यात टाकला असता तर दोघांनाही पत्ता लागला नसता.

सपोर्टवाला पोरगा म्हणतो, जीमेलवरून येणारा स्पॅम नेहमीच्या तपासण्यांत अडकत नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मेल सांगितलेल्या ठिकाणाहूनच निघालाय का हे बघणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम या दोन्ही तपासण्यांत असला स्पॅम पास होतो, कारण तो खरोखर जीमेलवरूनच निघालेला असतो. पाठवणारा लबाड आहे का, हे त्या तपासण्या सांगतच नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवायला लावलं, पण ते जीमेलकडे येणाऱ्या मेलांसाठी. तिकडून आमच्याकडे येणाऱ्यांचं काय, हा त्याचा सवाल रास्तच.

म्हणून उंदीर झाले की गोदामालाच टाळं लावायचं? आमचं निम्मं गिऱ्हाईक जीमेलवर आहे. मेल बघून गुण देणारं स्पॅमअ‍ॅसॅसिन त्यांच्याकडे होतंच. पाच गुण झाले की स्पॅम, ही त्याची मूळची सेटिंग. बरीच घासाघीस केल्यावर बंदी उठवून ते चालू केलं. आता पहिल्या पानावाले स्पॅम फोल्डरमध्ये पडतात, चुकून अडकलेली एखादी ऑर्डर भाचा संध्याकाळी शोधून काढतो.

पॅकेज घेणार असाल तर कोणकोणते डोमेन अडवता, ते पैसे भरायच्या आधी लेखी मागा. दोन तारे दिलेत: एक वेगाला, एक त्या ५५० ला.